बोर्डीचा किनारा



मागे एका रविवारी कारखान्यातल्या सोबत्यांना बायकामुलांसह आम्ही बोर्डीला नेले. गाडीने घोलवडला उतरायचे. पुढचे उंबरगाव गुजरातेत. किनाऱ्यावर सुरूची सावली, आणि उतार असा की ओहोटीला पाणी पार लांब जाते. पोरे ओल्या वाळूत खेकड्यांमागे धावली. आयांना ओरडावे लागले नाही. (भरतीची वेळ मात्र विचारून ठेवावी!)

१ मे १९६० रोजी उंबरगाव गुजरातेत गेले. वारली दोन्हीकडे राहिले. याच मुलखात १९४५ साली गोदावरी परुळेकरांबरोबर ते वेठीविरुद्ध उठले होते. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. त्यानंतर पंचावन्न वर्षे लोटली तरी वारल्याला सुट्टी राहोच, वेठीच्या कामाची मजुरीही नव्हती.

हे आम्ही सांगत होतो, तोच एक वारली बाई चिकूची टोपली घेऊन आली. आमच्यातल्याच एकाने घासाघीस मांडली. आम्ही म्हटले, “अहो, रविवार आपला आहे, बाईंचा नाही.” गडी ओशाळला, त्याने मुकाट्याने पैसे मोजले. चिकू गोड निघाले. मुलांनी टोपली रिकामी केली, आणि बाई दुसरी आणायला वाडीकडे गेली.