शेजारधर्म आणि घरांतील इंटरनेट
(धर्मग्रामाच्या महोत्सवी व्याख्यानमालेंत दिलेलें भाषण)



या व्याख्यानमालेंत मीं कोणत्या विषयावर बोलावें, असें व्यवस्थापक मंडळानें विचारलें, तेव्हां माझें उत्तर ऐकून दोघे-तिघे सभासद हंसले. घरांतील इंटरनेट शेजाऱ्यांबरोबर वांटून घेणें व त्याचा खर्च विभागून देणें, हा विषय धर्मगुरूनें व्यासपीठावरून मांडण्यासारखा आहे काय, असें त्यांना वाटलें असावें. परंतु गेल्या कांहीं वर्षांत शेजाऱ्या-शेजाऱ्यांचीं जीं भांडणें माझ्याकडे येतात, त्यांत बांधाचीं व गटाराचीं भांडणें कमी होत असून या न दिसणाऱ्या वस्तूचीं भांडणें वाढत आहेत. जेथें माणसें एकमेकांशीं बोलेनाशीं होतात, तेथें धर्मगुरूला बोलणें प्राप्त आहे.

आपल्या वसईकडे वाडी म्हटली कीं विहीर आली, आणि विहीर म्हटली कीं पाळी आली. एका विहिरीवर दोन-तीन कुटुंबांचा हक्क असे. रहाटाला जनावर जुंपावयाचें, मडक्यांची माळ फिरावयाची आणि पाटानें पाणी केळींना जावयाचें. परंतु आज कोणाची वाडी भिजावयाची, हें पाळीनें ठरलेलें असे. माळ तुटली तर खर्च सर्वांवर. गाळ काढावयाचा तर प्रत्येक घरचा एक माणूस विहिरींत. माझ्या लहानपणीं रहाट विजेच्या पंपांपुढें मागें हटूं लागले होते, तरी पाळीची भाषा घराघरांत जिवंत होती. भांडणें तेव्हांहि होत. परंतु तीं नियम मोडल्यामुळें होत, नियम नसल्यामुळें होत नसत.

पुढें टेलिफोन आला. सबंध आळींत तो एखाद्याच घरीं असे. आपल्या लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर छापून त्यापुढें ‘पी. पी.’ हीं दोन अक्षरें घालण्यांत कोणालाहि संकोच वाटत नसे. आखातांत गेलेल्या नवऱ्याचा फोन आला, कीं ज्याच्या घरीं यंत्र असे, तो आपल्या पोराला धांवत निरोप घेऊन पाठवी. बाहेरून आलेला फोन ऐकावयास पैसा पडत नसे. येथून फोन लावणारा मात्र न मागतां यंत्राशेजारच्या डब्यांत पैसे टाकी. ही रीति कोणीं शिकविली नव्हती. विहिरीनें शिकविली होती.

या दोन्ही गोष्टींत आणि आजच्या इंटरनेटांत एक मोठा फरक आहे. विहिरीवर आलेला माणूस दिसतो. फोनावर बोलणारा दिसतो. वाय-फाय वापरणारा दिसत नाहीं. भिंतीपलीकडून कोण किती उपसा करीत आहे, हें घरधन्याला सहसा कळत नाहीं. म्हणून जो नियम विहिरीवर डोळ्यांनीं राखतां येत होता, तो येथें आधीं बोलून व मग लिहून राखावा लागतो. माझें आजचें सर्व सांगणें या एका वाक्यांत आलें. तें मी कसें शिकलों, तें आतां सांगतों.

आपल्या देशांत सामान्य जनतेसाठीं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झालें. त्याला पंचवीस वर्षें पुरीं होत होतीं, त्याच २०२० सालीं महामारी आली. मार्चमध्यें शाळा बंद झाल्या आणि जूनपासून वर्ग मोबाईलवर भरूं लागले. ज्या घरांत जोडणी होती, तेथील मूल शाळेंत होतें. ज्या घरांत नव्हती, तेथील मूल शाळेबाहेर होतें. माझ्या तेव्हांच्या धर्मग्रामांत मीं धर्मगुरु-निवासाची ओसरी मुलांना मोकळी केली, वाय-फायचा परवलीचा शब्द खडूनें फळ्यावर लिहिला, आणि आपण एक सत्कृत्य केलें, असें मनाशीं समाधान मानलें.

आठवडा गेला नाहीं, तोंच तो शब्द साऱ्या आळीला पाठ झाला. कंपाउंडाच्या भिंतीला टेकून मोठीं पोरें चित्रपट पाहूं लागलीं, आणि ज्यांच्यासाठीं हें केलें, त्या मुलांना गुरुजींचा आवाज तुटक-तुटक ऐकूं येऊं लागला. याच सुमारास एक बाई माझ्याकडे आल्या. भाजीच्या पाट्या घेऊन मुंबईस जाणें हा त्यांचा व्यवसाय. गाड्या बंद, म्हणून तो बुडालेला. त्यांनीं कागदांत गुंडाळलेले ५० रुपये पुढें ठेवले. “फादर, पोराच्या इंटरनेटाचे.” मीं ते परत केले. “बाई, हे तुमच्याकडेच राहूं द्या,” असें म्हणालों. त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा मुलगा ओसरीवर दिसेना.

चार दिवसांनीं मी त्यांच्या घरीं गेलों. तेव्हां कळलें, कीं मोठ्या पोरांनीं त्याला जागेवरून उठविलें होतें. बाई म्हणाल्या, “फुकट बसलेल्याला कोणीहि उठवतो, फादर. चार पैसे दिले असते, तर तो ‘माझी पाळी आहे’ असें म्हणाला असता.”

बंधुभगिनींनो, सेमिनरींत आम्हांला शिकविलें होतें, कीं न्यायानें जें द्यावयाचें, तें दान म्हणून देतां येत नाहीं. तो पाठ मला परीक्षेपुरता येत होता. त्याचा अर्थ त्या दिवशीं समजला. त्या माउलीला माझें औदार्य नको होतें. तिला आपल्या मुलासाठीं जागा हवी होती. वांटा घेणें म्हणजे दुसऱ्याला भागीदार मानणें. आणि वांटा नाकारणें म्हणजे कधीं कधीं त्याला आश्रित करून ठेवणें.

मीं कंपनीस लेखी विचारलें. आवारांत बसून मुलांनीं वापर करण्यास हरकत नाहीं, परंतु जोडणी भाड्यानें देऊं नये, असें उत्तर आलें. तेव्हां जोडणीचें बिल आम्हीं धर्मग्रामाच्या खर्चांतच ठेवलें. ओसरीवरची वीज, पंखा व सतरंजी यांसाठीं मात्र ज्याला जें जमेल तें घ्यावयाचें ठरलें, आणि त्याची वही कोणीहि पाहावी अशी ठेवली. फळा पुसला, परवलीचा शब्द बदलला, आणि तासांच्या पाळ्या लावल्या. बाईंचे ५० रुपये वहीच्या पहिल्या ओळींत आहेत. मुलगा परत आला.

दुसरी हकीकत दोन घरांची आहे. दोघांच्या परवानगीनें सांगतों. नांवें सांगत नाहीं. मधली भिंत एक, मैत्री तीन पिढ्यांची. एकानें जोडणी घेतली, दुसऱ्यानें निम्मे पैसे देऊं केले, आणि “आपल्यांत काय लिहावयाचें?” असें म्हणून दोघेहि मोकळे झाले. पुढें दुसऱ्यानें परवलीचा शब्द मागच्या खोलींतील भाडेकरूंना दिला. त्यांनीं आपल्या पाहुण्यांना दिला. संध्याकाळीं पहिल्याच्या घरीं कांहीं चालेना. रागाच्या भरांत एका रात्रीं त्यानें शब्द बदलला, आणि शेजाऱ्याला सांगितलें नाहीं. सकाळीं शेजाऱ्याच्या मुलीची परिचारिकेच्या नोकरीसाठीं परदेशांतील रुग्णालयाबरोबर मुलाखत होती. ती हुकली. त्या वर्षीं नाताळचा फराळ एका घरून दुसऱ्या घरीं गेला नाहीं. दोघे माझ्याकडे आले, तेव्हां प्रत्येकाजवळ दुसऱ्याविरुद्ध पुरावा होता. आपसांत काय ठरलें होतें, याचा कागद मात्र एकाहि जवळ नव्हता.

आतां कोणी म्हणेल, दोघांचें ठरलें म्हणजे झालें. कंपनीशीं आम्हांला काय कर्तव्य? तर सातवी आज्ञा केवळ शेजाऱ्याच्या कोंबडीपुरती नाहीं. घरगुती जोडणीच्या करारांत बहुधा ती त्या घरापुरती असल्याचें व दुसऱ्यास विकूं नये असें लिहिलेलें असतें. पैसे घेऊन दूरसंचाराची सेवा पुरवावयाची, तर तिला शासनाची परवानगी लागते. १८८५ च्या तार कायद्यापासून २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत हें तत्त्व चालत आलें आहे. म्हणून प्रथम करार वाचावा. संशय असेल तर लेखी विचारावें. आणि ‘नाहीं’ असें उत्तर आलें, तर तें मानावें. चोरून चालविलेल्या वांटणींत पुढें तंटा उद्भवला, तर कोणाकडे दादहि मागतां येत नाहीं.

शिवाय ज्याच्या नांवावर जोडणी, त्याच्या दारीं पोलीस येतात. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबाद येथें बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या कांहीं मिनिटें आधीं वृत्तसंस्थांना धमकीचें ई-पत्र पाठविण्यांत आलें होतें. त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईंतील एका परदेशी गृहस्थाच्या घरीं पोंचले. त्यांच्या वाय-फायला कुलूप नव्हतें. बाहेरच्या कोणीं तरी तें वापरलें होतें. परंतु हें स्पष्ट होईपर्यंत चौकशीला तोंड त्या गृहस्थांनाच द्यावें लागलें. पुढच्या वर्षीं दूरसंचार खात्यानें वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयीं कंपन्यांना सूचना दिल्या. तात्पर्य, परवलीचा शब्द ही घराची किल्ली आहे. ती ज्याला दिली, त्यानें परस्पर तिसऱ्याला देऊं नये.

मग जेथें परवानगी आहे, तेथें वांटणी कशी करावी? समजा, महिन्याचें बिल ६०० रुपये, त्यावर १८ टक्के कर १०८ रुपये, एकूण ७०८. तीन घरें असतील, तर प्रत्येकीं २३६ रुपये. राउटरचें यंत्र १० वॉटचें धरलें व तें अहोरात्र चाललें, तर महिन्याला सुमारें ७ युनिट वीज लागते. ती वीज, यंत्राची देखभाल आणि नांवाची जोखीम घरधन्याकडे असते; म्हणून त्याचा वांटा थोडा कमी धरणें न्याय्य आहे. परंतु शेजाऱ्यांकडून आलेली रक्कम व त्याचा स्वतःचा वांटा मिळून खर्चाहून एक रुपयाहि अधिक होऊं नये. नाहींतर तो शेजारधर्म न राहतां दुकान होतें.

बहुतेक तक्रारी मात्र पैशाच्या नसून वेळेच्या असतात. ३० मेगाबिटच्या जोडणीवर, चांगल्या प्रतीच्या एका चलचित्राला सुमारें ५ मेगाबिट लागतात असें धरलें, तर एका वेळीं पांच-सहा जणच सुखानें पाहूं शकतात. तीन घरांतील सारीं माणसें रात्रीं नऊ वाजतां एकदम उपसा करूं लागलीं, तर विहीर आटल्यासारखी वाटते. दुपारीं तीच भरलेली असते. यावर जुनाच उपाय आहे: पाळी. परीक्षा, मुलाखत, आजाऱ्याचा डॉक्टरांशीं सल्ला, यांना पहिला मान, करमणूक त्यानंतर. आणि बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठीं निराळें जाळें करण्याची सोय असते. शेजाऱ्यांना तें द्यावें, म्हणजे आपल्या घरांतील यंत्रें व कागदपत्रें अलग राहतात. हा अविश्वास नव्हे. कुंपण असलेल्या वाड्यांचेहि मालक स्नेही असतात.

ज्यांना कंपनीची परवानगी मिळत नाहीं, त्यांच्यासाठीं सरळ मार्ग आहे. ९ डिसेंबर २०२० रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें ‘पीएम-वाणी’ या योजनेस मान्यता दिली. तिच्यानुसार एखादा किराणा दुकानदार किंवा चहावाला आपल्या जागेंत सार्वजनिक वाय-फाय ठेवूं शकतो. त्याला स्वतःला परवाना लागत नाहीं, आणि वापरणाऱ्याची ओळख ठेवण्याची व्यवस्था योजनेंतच केलेली आहे. अशा दुकानदारांस २०० मेगाबिटपर्यंतची जोडणी घरगुती दराच्या दुपटीहून महाग देऊं नये, असें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०२५ मध्यें ठरविलें. आपल्या आळींतील एखाद्या तरुणानें हें मनावर घेतलें, तर त्याला चार पैसे मिळतील, आणि कोणाला चोरून कांहीं करावें लागणार नाहीं.

त्या दोन घरांचें पुढें काय झालें, असें आपण विचाराल. दोघे एका टेबलाशीं बसले व एका पानावर पांच ओळी लिहिल्या: कंपनीची परवानगी कोणत्या तारखेची, कोणाचा वांटा किती, पैसे महिन्याच्या कोणत्या दिवशीं, परवलीचा शब्द कोणाकोणाजवळ, आणि जोडणी बंद करावयाची झाल्यास आठ दिवस आधीं सांगावयाचें. खालीं दोघांच्या सह्या आहेत. मुलीला पुढें दुसरीकडे नोकरी मिळाली. तरी तिची हुकलेली सकाळ त्या कागदानें परत आली नाहीं. तो कागद आधीं लिहिला असता, तर एवढेंच कोणालाहि वाटावें.

म्हणून माझी विनंति अशी, कीं आपल्यापैकीं जे कोणी जोडणी वांटून घेत असतील, त्यांनीं या महोत्सवी वर्षांत तें एक पान लिहावें. आणि ज्याच्या घरीं जोडणी आहे, त्यानें आपल्या शेजारच्या घरांत अभ्यासासाठीं अडलेलें मूल आहे काय, हें एकदां विचारावें; तें असेल आणि त्याच्या आईनें चार पैसे पुढें केले, तर ते खर्चाच्या वहींत लिहून मानानें घ्यावे.