वंश, संस्कृती आणि आपला हजेरीपट

(पळस्पे येथे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानातील काही भाग)



मुंबईहून येणारा हमरस्ता आपल्या पळस्प्याशी दुभंगतो. एक वाट घाट चढून पुण्याकडे जाते, दुसरी पेण, महाड करीत गोव्याकडे. या पनवेल परिसरात आगरी, कोळी, मराठा, मुसलमान, ठाकूर, कातकरी आणि बेने इस्रायली असे नाना समाज शेजारी शेजारी नांदत आले आहेत. इतके वेगवेगळे लोक एकत्र दिसले, की ‘त्यांचे रक्तच निराळे’ असे उद्गार सहज ओठावर येतात. या उद्गारात तथ्य किती, याचा शोध एका मराठी विदुषीने परदेशात राहून घेतला होता. त्या म्हणजे डॉ. इरावती कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातील. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शिक्षण पुण्यात झाले. पुढे मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला. महर्षी कर्वे यांच्या त्या स्नुषा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या आणि तेथील मानववंशशास्त्र संस्थेत प्रा. ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागल्या.

हे फिशर म्हणजे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे मोठे आधारस्तंभ. युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात आणि ही विषमता त्याच्या वरचढ बुद्धीची खूण आहे, अशी त्यांची धारणा होती. इरावतीबाईंना हाच विषय मिळाला. त्यांच्यापुढे मोजमापासाठी ज्या कवट्या आल्या, त्यांत जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्याही होत्या. त्या माणसांच्या आप्तांना कोणी विचारले असेल, असे मानण्यास जागा नाही. ज्ञानाच्या नावाखाली काय काय घडते, याचा विचार येथे थोडा थांबून करावा. इरावतीबाईंनी चिकाटीने मोजमापे घेतली आणि निष्कर्ष लिहिला, की कवटीची विषमता सर्वत्र आढळते, तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. पारतंत्र्यातील देशाची एक तरुण विद्यार्थिनी, परकी भाषा, आणि परीक्षक तेच गुरू! अशा स्थितीत हे लिहिणे सोपे नव्हते.

१९३० मध्ये त्या मायदेशी परतल्या. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँड भागातील शेकडो मुलांची सक्तीने व गुप्तपणे नसबंदी करण्यात आली. जर्मन माता आणि पहिल्या महायुद्धानंतर तेथे तैनात असलेल्या फ्रेंच सैन्यातील आफ्रिकी व आशियाई सैनिक यांची ही संतती. त्या मुलांच्या वंशाविषयीचा तज्ज्ञ अभिप्राय फिशर यांच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनीच दिला होता. येथे बसलेल्या अधिकारीवर्गाने एवढे ध्यानात घ्यावे, की या प्रकरणात शस्त्राच्या आधी कागद चालला.

इरावतीबाईंनी मोजमापाची उपकरणे मात्र टाकून दिली नाहीत. डेक्कन महाविद्यालयात आल्यावर त्यांनी महाराष्ट्रातील अनेक जातींच्या लोकांची शरीरमापने घेतली. त्यावर आज टीका होते, आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु त्यांचा प्रश्न बदललेला होता. श्रेष्ठ कोण, हे त्या विचारीत नव्हत्या. सोयरीक कोणाची कोणाशी होते, हे विचारीत होत्या. आपण कुंभार ही एक जात समजतो. त्यांना दिसले, की थोरचाके, लहानचाके असे कुंभारांचे निरनिराळे गट आहेत, त्यांची चाके वेगळी आणि बेटीव्यवहारही आपापल्या गटातच. म्हणजे एका नावाखाली अनेक समूह शेजारी येऊन बसलेले! समाजाची घडण कवटीत शोधण्याऐवजी लग्नाच्या मांडवात शोधावी, हे त्यांच्या १९५३ च्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथाचे सार म्हणता येईल.

आपल्याच जिल्ह्यातील बेने इस्रायलींकडे पाहा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’. आडनावे पेणकर, रोहेकर अशी गावांवरून आलेली, घरची भाषा मराठी. पनवेलला त्यांचे प्रार्थनामंदिर आजही आहे. १९४८ नंतर पुष्कळ कुटुंबे इस्रायलला गेली आणि तेथे त्यांच्यापुढे निराळाच प्रश्न उभा राहिला. १९६२ च्या सुमारास तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी कुळाची चौकशी लावली. त्याविरुद्ध त्यांनी लढा दिला आणि १९६४ मध्ये त्या देशाच्या संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले. पुढे २०१६ च्या एका जनुकीय अभ्यासात त्यांच्या ठायी पश्चिम आशियाई आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. कोकणात जे तेली, तेच तेथे हिंदी. माणूस बदलला नाही, त्याच्याकडे पाहणारा बदलला.

आता आपल्या शाळेकडे येतो. कातकरी मुलाविषयी ‘याच्या डोक्यात अभ्यास शिरतच नाही’ असे वाक्य शिक्षकांच्या खोलीत कधी उच्चारले जाते की नाही, हे आपणच सांगावे. पूर्वी खैराचा कात काढणारा हा समाज. जंगल हातातून गेले, तसा तो मजुरीवर आला. पावसाळा सरला की अनेक कुटुंबे वीटभट्टीवर वा कोळसाभट्टीवर जातात, ती उन्हाळा संपता संपता परततात. मूल सोबत जाते. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते आणि वर्षअखेरीस तीच रांग मुलाच्या बुद्धीचे माप ठरते. घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांतील अंतर निराळेच.

म्हणून माझी सूचना अगदी व्यावहारिक आहे. दिवाळीच्या सुमारास, कुटुंबे निघण्यापूर्वी, वाडीवर एक फेरी व्हावी. कोणते कुटुंब कोणत्या गावच्या भट्टीवर जाणार, सोबत किती मुले आहेत, याची नोंद ग्रामसेवक व मुख्याध्यापक यांनी मिळून करावी आणि ती त्या गावच्या शाळेला कळवावी. कोणाला घरीच राहणाऱ्या आजीजवळ ठेवता येईल, हेही त्याच वेळी विचारावे. यास वेगळा निधी लागत नाही. दोन संध्याकाळी लागतात. आणि मुलाच्या नावापुढे शेरा लिहिताना ‘मंद’ हा शब्द न वापरता, ते मूल वर्षातून किती महिने कोठे होते, एवढेच लिहावे.