मोठी कधी, लहान कधी?

(मुळशी तालुक्यात पौड येथे महिलांच्या वाचन-मेळाव्यात केलेले भाषण)



ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणाऱ्या एका माणसाने ४ जुलै १८६२ रोजी नावेतून जाताना तीन बहिणींना एक गोष्ट सांगितली. १८६५ साली लुईस कॅरोल या टोपणनावाने त्याने तिचे पुस्तक काढले. तेच 'ॲलिस इन वंडरलँड'. भा. रा. भागवतांनी मराठीत ॲलिसची जाई केली आणि 'जाईची नवलकहाणी' आपल्या मुलींच्या हाती दिली. दीडशेहून अधिक वर्षे हे पुस्तक का टिकले?

मला वाटते, त्यातले खरे नवल बोलणारा ससा नाही, मुलीची उंची आहे. बाटलीतले प्यायली की ती वीतभर होते, केक खाल्ला की डोके छताला लागते. मोठी असते तेव्हा दारातून जाता येत नाही. लहान होते तेव्हा टेबलावरच्या किल्लीला हात पोचत नाही.

आपल्या घरांत हे रोज घडते. खेळायला निघाली की मुलगी 'मोठी' होते. पुढे शिकायचे म्हणाली की 'लहान'. मुळशीत जमिनींना भाव आले तेव्हाही हेच झाले. हक्कसोडपत्रावर सही करण्यापुरती बहीण सज्ञान. कागदात काय लिहिले आहे असे विचारले, की 'तुला काय कळतंय?' माझ्या माहेरीही असा कागद माझ्यापुढे आला, तेव्हा मी पदवीधर होते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ सालच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पण सही मागताना हे कोणी सांगत नाही.

गोष्टीच्या शेवटी कोर्ट भरते. तिथे ॲलिस काही न खाता-पिता, आपली आपण वाढू लागते. शेजारचा चिमुकला प्राणी त्यावरही कुरकुरतो. राजा वहीतून बेचाळिसावा नियम वाचतो: मैलाहून उंच असेल त्याने बाहेर जावे. हाच सर्वांत जुना नियम, असेही सांगतो. मग त्याचा क्रमांक पहिला का नाही, असे ती विचारते. राजाचा चेहरा उतरतो, तो वही मिटतो. राणी तर निकालाआधीच शिक्षा द्यायला निघालेली! अखेर ॲलिसला दिसते, की हे सारे नुसते पत्ते आहेत.

या गोष्टीत राजपुत्र नाही, लग्न नाही. तात्पर्यही नाही, उलट ऊठसूट तात्पर्य काढणाऱ्या बाईंची त्यात थट्टाच आहे. म्हणून मीही तात्पर्य सांगत नाही. एवढेच सांगते, हे पुस्तक मुलींना वाचायला द्या. आणि एखादी विचारू लागली, 'हा नियम कुठे लिहिलाय?' तर तिला गप्प बसवू नका. तिच्याबरोबर तुम्हीही वही मागा.