खेचरांच्या वाटेवरून सायकल

अमेरिकेतील चेसापीक अँड ओहायो कालवा वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपासून मेरीलँडमधील कंबरलँडपर्यंत सुमारे 297 किलोमीटर पोटोमॅक नदीच्या काठाने जातो. त्याचे काम 1828 ते 1850 या काळात झाले. मालाच्या नावा ओढणारी खेचरे ज्या काठाने चालत, तीच आज सायकलस्वारांची मातीची वाट आहे. चढ जवळजवळ नाहीच. पावसानंतरचा चिखल मात्र चाकांची परीक्षा पाहतो.

या वाटेवर पॉ पॉ बोगदा आवर्जून पाहावा असा. सुमारे 950 मीटर लांब, आतून विटांनी बांधलेला आणि भरदिवसाही अंधारा. इथे सायकल हातात धरून, विजेरी लावून चालावे लागते. कठड्यावर बोटे फिरवली, तर नावांच्या दोरांनी घासून पडलेल्या खाचा हाताला लागतात.

अशा वाटेवरच्या सायकलफेरीला जिओकॅचिंगची जोड देता येते. जिओकॅचिंग हा उपग्रहांच्या मदतीने लपवलेली डबी शोधण्याचा खेळ. मे 2000 मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांतील मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेचच ओरेगॉन राज्यात पहिली डबी लपवली गेली. सापडलेल्या डबीतल्या वहीत नाव लिहून ती जागच्या जागी ठेवायची.

हा कालवा 1971 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. अशा उद्यानांत परवानगीशिवाय डबी ठेवता येत नाही, आणि ते योग्यच. म्हणून काही ठिकाणी आभासी प्रकार असतो: दिलेल्या जागी पोहोचून, तिथली वास्तू न्याहाळून प्रश्नाचे उत्तर पाठवायचे.