‘बाहेरचा’ गर्भ म्हणजे नेमकं काय?

रेडिओचा आवाज जरा मोठा करा, आणि सासू, जाऊ, नणंद घरात असतील तर त्यांनाही जवळ बोलवा. घरधनी ओसरीवर बसले असतील तर त्यांनीही ऐकलं तरी चालेल, उलट ऐकावंच. कारण आजच्या दुखण्यात बाईला दवाखान्यात न्यायचा निर्णय बहुतेक वेळा दुसऱ्यालाच घ्यावा लागतो. तोवर ती स्वतः बोलायच्या स्थितीत राहिलेली नसते.

आम्ही दर्यापूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. दीड वर्षात आमच्यातल्या दोघींना एकच दुखणं झालं. पहिलीच्या वेळी आम्हाला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. दोघींनी सांगितलं की आमचं बोला, पण नाव घेऊ नका. म्हणून एकीला मोठी म्हणू आणि दुसरीला धाकटी.

आधी शरीराचं समजून घेऊ. आपल्या पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, दोन्ही बाजूंना एकेक नळी असते. लांबी साधारण चार इंच, आणि जाडी पेन्सिलीपेक्षाही कमी. स्त्रीबीज आणि पुरुषबीज एकत्र येतात ते या नळीतच. तिथून तो अंकुर हळूहळू सरकत पिशवीत येतो आणि रुजतो. कधी कधी वाट अडते आणि अंकुर नळीतच रुजतो. पिशवी गर्भाबरोबर मोठी होत जाते, नळी होत नाही. सहा, सात, आठ आठवडे झाले की नळी ताणते, आणि फुटली तर पोटातल्या पोटात रक्त वाहतं. शंभर गर्भधारणांमध्ये एक ते दोन वेळा असं होतं. त्यातल्या शंभरात नव्वदहून जास्त गर्भ नळीतच असतात, थोडे इतर ठिकाणी. डॉक्टर त्याला एक्टोपिक म्हणतात.

मराठीत मात्र घोळ होतो. कागदावर लिहितात ‘गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा’, आणि दवाखान्यात घाईत कोणी सांगतं, ‘गर्भ बाहेरचा आहे.’ आता आपल्याकडे ‘बाहेरचं’ म्हटल्यावर काय काय ऐकू येतं ते तुम्हाला सांगायला नको. मोठीच्या घरी एका नातेवाईक बाईनं विचारलं, ‘बाहेरचं म्हंजे? कोणाचं?’ दुसरी म्हणाली, ‘बाहेरचं लागलं असंन, उतरवून आणा.’ बाई मरणाच्या दारात आणि दारात ही चर्चा! म्हणून आमच्या गटानं हा शब्दच सोडला. आम्ही म्हणतो, नळीतला गर्भ. नळीतला म्हटलं की कोणी चारित्र्यावर बोलत नाही आणि कोणी लिंबू उतरवत नाही. तुम्हीही असंच म्हणा. दवाखान्यातल्या ताई-दादांनाही आमची हीच विनंती आहे.

मोठीचं सांगतो. तिला दोन मुलं. धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन केलेलं, त्याला सात वर्षं झालेली. सोयाबीन सोंगणीचे दिवस होते. पाळी दहा-बारा दिवस लांबली, मग थोडं थोडं काळपट अंगावरून जाऊ लागलं. तिला वाटलं, उशिरा आली, एवढंच. ओटीपोटात उजव्या बाजूला दुखत होतं. गावाजवळच्या एका डॉक्टरानं गॅस झाला म्हणून सुई दिली. ऑपरेशन झालेलं, त्यामुळे दिवस गेलेत का हे त्यानंही विचारलं नाही आणि घरच्या कोणाच्या मनातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा खांदा दुखू लागला. पोटाचं दुखणं आणि खांद्याचं दुखणं कोण एकत्र जोडणार? संध्याकाळी न्हाणीजवळ ती भोवळ येऊन पडली. जावेनं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर कागदासारखी पांढरी. अंगाला थंड घाम. जाऊ शहाणी, तिनं कोणाला विचारत न बसता 108 ला फोन लावला.

पहिल्या दवाखान्यात नर्सबाईनं लघवीची तपासणी केली, दिवस गेलेले निघाले. घरचे तिथंच वाद घालू लागले, ‘काहून वो, ऑपरेशन झालेल्या बाईले दिवस जात असतात काय?’ नर्सबाईनं वाद घातला नाही, सलाईन लावून पुढे अमरावतीला पाठवलं. रात्री पोट उघडून ऑपरेशन झालं. नळी फुटली होती, ती काढली. तीन बाटल्या रक्त चढवलं. ती वाचली.

तर ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस जातात का? फार क्वचित, पण जातात. बांधलेल्या नळीत कधी एखादी बारीक फट पुन्हा उघडते. पुरुषबीज त्यातून जातं, पण वाढलेला अंकुर परत पिशवीत येऊ शकत नाही. म्हणून ऑपरेशननंतर दिवस गेलेच, तर ते नळीत असण्याची शक्यता साध्या गर्भधारणेपेक्षा कितीतरी जास्त असते. तांबीचंही तसंच. तांबी असताना दिवस सहसा जात नाहीत, पण गेले तर गर्भ नळीत तर नाही ना, हे आधी पाहायचं. आपल्या महाराष्ट्रात लग्न झालेल्या जवळजवळ निम्म्या बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. त्यामुळे ही गोष्ट एकट्या मोठीची नाही. म्हणून कोणी ऑपरेशन किंवा तांबी वाईट समजू नये. पण ‘आपलं तर ऑपरेशन झालं आहे’ म्हणून चुकलेल्या पाळीकडे काणाडोळा करू नये. लघवीची पट्टी आशाताईकडे असते.

खांद्याचं कोडं आम्ही नंतर डॉक्टरबाईंना विचारलं. पोटात साचलेलं रक्त छातीखालच्या पडद्याला लागतं. त्या पडद्याची नस मानेतून येते, तिथूनच खांद्याच्याही नसा निघतात. त्यामुळे दुखणं पोटात असून कळ खांद्याच्या टोकाला येते, आडवं झाल्यावर जास्त. पाळी चुकलेली किंवा वेगळीच आलेली, पोट दुखतंय, आणि वर खांदा दुखतोय किंवा भोवळ येतेय, तर सकाळची वाट पाहायची नाही. अंगावरून किती जातंय यावर तर मुळीच जाऊ नका. रक्त आत साचतं, बाहेर थेंब दिसतो. आपल्यातल्या बहुतेकींच्या अंगात आधीच रक्त कमी. 2019 ते 2021 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका पांढुरक्या, म्हणजे रक्त कमी असलेल्या, निघाल्या. जिच्या अंगात आधीच रक्त कमी आहे तिला ते गमावायला वेळही कमीच मिळतो.

मेडिकलमधून पाळी यायच्या गोळ्या परस्पर आणून खाणाऱ्या बाया आपल्याकडे आहेत, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या गोळ्या पिशवीतल्या गर्भासाठी असतात, नळीतल्या गर्भावर त्या चालत नाहीत. गोळी घेतली की रक्तस्राव होतो, बाई समजते झालं मोकळं, आणि इकडे नळी ताणतच असते. गर्भपात करून घेण्याचा कायदा देशात 1971 पासून आहे. डॉक्टरांकडे जाऊन, गर्भ कुठे आहे हे पाहून केला तर त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता धाकटी. लग्नाला दोन वर्षं झालेली, पहिल्यांदाच दिवस गेले, घरात पेढे वाटून झालेले. सहाव्या आठवड्यात डाव्या बाजूला दुखू लागलं आणि डाग दिसला. मोठीचं पाहिलेलं असल्यामुळे आम्ही तिला त्याच दिवशी अमरावतीला नेलं. तिचा निकाल मात्र लगेच लागला नाही. सोनोग्राफीत पिशवी रिकामी, नळीतही स्पष्ट काही नाही. लवकर केलेल्या सोनोग्राफीत असं होतं. मग रक्ताची तपासणी केली. गर्भ रुजला की बाईच्या रक्तात एक द्रव्य वाढतं, त्याला बीटा एचसीजी म्हणतात. पिशवीत नीट वाढणाऱ्या गर्भात ते दोन दिवसांत भराभर वाढतं. नळीतल्या गर्भात ते बहुतेक वेळा रेंगाळत वाढतं. म्हणून 48 तासांनी पुन्हा तपासणी. ते दोन दिवस फार वाईट गेले. सासू म्हणे, ‘एवढे पैसे घेतले अन् डॉक्टरले काही समजूनच नाही राहिलं.’ मैत्रिणींनो, डॉक्टरला समजत नाही म्हणून पुन्हा बोलावत नाहीत. हे दुखणं दोन आकडे शेजारी ठेवल्यावरच कळतं. त्या दोन दिवसांत दवाखान्यापासून लांब जाऊ नये, एकटीनं झोपू नये, जास्त दुखलं तर लगेच परत यावं.

आतून करायच्या सोनोग्राफीला धाकटी लाजली. पोटावरून गर्भ इतका लहान नीट दिसत नाही, म्हणून ती आतून करतात. सोबत बाई हवी असेल तर मागायची, तो हक्क आहे. आधार कार्ड जवळ ठेवा. लिंगनिदानाच्या कायद्यामुळे गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीचा फॉर्म भरावाच लागतो, त्याला घाबरू नका.

दुसऱ्या तपासणीनंतर पक्कं झालं. नळी फुटलेली नव्हती, गर्भ लहान होता, म्हणून ऑपरेशनऐवजी मेथोट्रेक्सेट नावाचं इंजेक्शन दिलं. घरी कोणीतरी मोबाईलवर पाहून सांगितलं, हे तर कॅन्सरचं औषध! झालं, रडारड सुरू. औषध तेच आहे, पण इथं मात्रा थोडी आणि काम वेगळं. वाढणाऱ्या पेशी थांबवणं हा त्याचा गुण, त्यानं गर्भाची वाढ थांबते आणि शरीर तो हळूहळू जिरवतं. चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासलं, मग दर आठवड्याला, तो आकडा शून्यावर येईपर्यंत. चौथ्या दिवशी आकडा थोडा वाढलेलाही दिसतो, घाबरायचं नाही. इंजेक्शन घेतलं म्हणजे नळी फुटण्याची भीती गेली असंही नाही, ती आकडा उतरेपर्यंत राहते.

इथं आशाताईंनी नीट ऐकावं. या इंजेक्शनवर फॉलिक ॲसिड चालत नाही, ते औषधाला निकामी करतं. आणि आपण दिवस गेले की पहिली देतो ती गोळी फॉलिक ॲसिडचीच. रक्तवाढीच्या गोळीतही ते असतं. म्हणून डॉक्टर पुन्हा सुरू करा म्हणेपर्यंत त्या बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल, बाकी दुखीच्या गोळ्या विचारल्याशिवाय नाहीत. जड उचलणं नाही, संबंध नाही, भर उन्हात काम नाही. वेचणीच्या दिवसांत हे सांगणं सोपं, पाळणं अवघड, म्हणून गटानं तिच्या वाट्याचे दिवस आपसात वाटून घेतले. पुढे किमान तीन महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

‘नळीतून काढून पिशवीत ठेवता येत नाही काय?’ हे धाकटीनं चार वेळा विचारलं. नाही येत. मुंबईत नाही, अमेरिकेतही नाही. इंग्लंडमध्ये लॉसन टेट नावाच्या डॉक्टरनं 1883 साली फुटलेली नळी बांधून बाई वाचवून दाखवली. त्याआधी नळी फुटली की बहुतेक बाई हातची जायचीच. तेव्हापासून बाई वाचवण्यात खूप प्रगती झाली, पण तो गर्भ मात्र वाचत नाही. इंजेक्शन घेऊन तिनं पाप केलं असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आणि तिचं दुःख? बाळ गेलं तर लोक येतात, बसतात. इथं कोणी आलं नाही. ‘दीड महिन्याचं तर होतं, त्यात काय एवढं?’ आम्ही तिच्याकडे गेलो, चहा घेतला, बसलो. ती रडली. नवरा गोठ्यात जाऊन रडला, हे तिनंच सांगितलं. मोठीचं वेगळं. तिला मूल नकोच होतं, पण ती म्हणते, रात्री अजूनही न्हाणीजवळ जायची भीती वाटते. दोन्ही खरं आहे. महिना-दोन महिने झोप नाही, जेवण नाही असं चाललं तर आरोग्य केंद्रात बोला.

हे होतं कशानं? पुष्कळदा कारण सापडतच नाही. सापडतं तेव्हा बहुधा नळीला आधी झालेली इजा असते: अंगावर काढलेला आतला जंतुसंसर्ग, नळीचा टीबी, आधीचं ऑपरेशन. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी आपल्याच विदर्भात, गडचिरोलीतल्या दोन गावांत साडेसहाशे बायका तपासल्या, आणि 1989 साली ते ‘लॅन्सेट’ या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. शंभरातल्या ब्याण्णव जणींना आतला काही ना काही आजार होता, आणि त्याआधी आतली तपासणी झालेल्या फक्त आठ. पांढरं जाणं, वास येणं, संबंधाच्या वेळी दुखणं, हे सहन करायचं नसतं. औषध दोघा नवराबायकोनं घ्यायचं असतं, हे पुरुषांना कोण सांगणार ते तुम्हीच ठरवा.

एक नळी गेली तरी दुसरी असते, पाळी येते, मूल होऊ शकतं. पुढे साधारण शंभरात साठ-पासष्ट जणींना पिशवीत गर्भ राहतो. पण पुन्हा नळीत राहण्याची भीती दहात एक, म्हणून पुढच्या वेळी पाळी चुकताच नोंद आणि सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारा.

पैशाचं थोडक्यात. अमरावतीचं डफरीन आणि अकोल्याचं लेडी हार्डिंग, ही दोन्ही जिल्हा स्त्री रुग्णालयं सरकारी आहेत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. खाजगीत जावंच लागलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारा. मेळघाटातल्या बहिणींना धारणीहून अमरावती गाठायला घाट उतरून तासन् तास लागतात. त्यांनी तर पहिल्या डागालाच निघावं.

सरकारी ऑपरेशन फसलं तर भरपाईची योजना आहे. समजल्यापासून 90 दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो, सोबत ऑपरेशनचं प्रमाणपत्र आणि डिस्चार्ज कार्ड. मोठीचं प्रमाणपत्र धान्याच्या कोठीमागे पत्र्याच्या डब्यात सापडलं, तेही अर्धं कसरीनं खाल्लेलं. नंबर वाचता येत होता. अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिला आहे, पोच घेतली आहे. दर सोमवारी आमच्यापैकी एकजण विचारायला जाते.