पडद्यावरील गुंड आणि आपले गाव
(ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यात आजवर शिक्षण, विवाहातील खर्च, संतांची शिकवण अशा विषयांवर भाषणे झाली. आम्ही मात्र आज गुंडांच्या चित्रपटांविषयी बोलणार आहोत. हे ऐकून पहिल्या रांगेतील काही भुवया वर गेल्या, हे आमच्या ध्यानी आले आहे. परंतु घरोघरची तरुण मुले हे चित्रपट पाहतात, त्यांतील संवाद तोंडपाठ म्हणतात, आणि आपण वडील मंडळी दुसऱ्या खोलीत बसून त्यांना नावे ठेवतो. त्यापेक्षा एकदा त्यांच्या शेजारी बसून हे चित्रपट पाहावेत, असे आम्ही ठरविले. पाहता पाहता एक गोष्ट आढळली. या चित्रपटांत कोठे ना कोठे कोणाचे तरी गाव दडलेले असते. ते कोठे दडते आणि त्यावरून आपण काय घ्यावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

गाव दडण्याची पहिली जागा म्हणजे नाव. गोविंद निहलानी यांचा 'अर्धसत्य' हा चित्रपट १९८३ साली आला. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या मराठी कथेवर तो आधारलेला असून पटकथा विजय तेंडुलकरांची होती. त्यातील रामा शेट्टी हा गुंड ज्यांनी उभा केला, त्या नटाचे मूळ नाव गणेशकुमार नरवडे. रसिकांनी त्यांना ओळखले ते सदाशिव अमरापूरकर या नावाने. अमरापूर हे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या शेवगाव तालुक्यातील गाव. हा तालुका आपल्या पैठणला लागून आहे, आणि पैठणवरून वाहणारी गोदावरीच पुढे नांदेडच्या घाटांना भेटते. पडद्यावर रामा शेट्टी मुंबईला धाक घालीत होता, परंतु श्रेयनामावलीत शेवगाव तालुक्यातील एक खेडे झळकत होते. किती जणांनी ते वाचले? आपल्यातही 'कर' प्रत्ययाची आडनावे थोडी नाहीत. आपण ती रोज लिहितो, आणि त्यांत एक गाव आहे हे विसरून जातो.

दुसरी जागा म्हणजे स्वतःची ओळख करून देण्याची रीत. १९९० च्या 'अग्निपथ' चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी विजय दीनानाथ चौहान हा नायक रंगविला. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा नायक आपले नाव सांगतो, वडिलांचे सांगतो, आईचे सांगतो, आणि मग गावाचे नाव सांगतो, मांडवा. श्रोतेहो, ही रीत आपल्या ओळखीची नाही काय? आपल्या स्मरणिकेतील वधूवर परिचयाचे पान उघडून पाहा. नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, मूळ गाव, क्रम तोच! माणूस कोण, हे तो कोणाचा आणि कोठला यावरून ठरविण्याची ही आपली जुनी पद्धत आहे. चित्रपटातील तो मनुष्य शहरात वाममार्गाला लागला, पण ओळख सांगताना ही चौकट त्याने सोडली नाही. आणि त्याची सारी तळमळ होती ती त्या मांडव्याला परत जाण्याची.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. मांडवा नावाची गावे मराठवाड्यातही आहेत. म्हणून तो नायक आपल्याकडचाच, असे आमच्या एका स्नेह्यांनी मोठ्या आवेशाने सांगितले होते. चित्रपटातील मांडवा समुद्रकाठचा आहे. मुंबईच्या गेटवेवरून लाँचने खाडीपलीकडे गेले की अलिबागच्या अलीकडे मांडव्याचा धक्का लागतो. आपल्याकडे समुद्र आणावयाचा कोठून? गावाचे नाव जुळले म्हणजे नाते जुळले, असे होत नाही. अभिमान धरावा, परंतु तो पडताळून धरावा.

तिसरी जागा सर्वांत खोल, आणि आजच्या भाषणाचे मर्म तेथेच आहे. ती जागा म्हणजे जिभेवरील बोली. रामगोपाल वर्मा यांचा 'सत्या' हा चित्रपट ३ जुलै १९९८ रोजी प्रदर्शित झाला. त्यातील भिकू म्हात्रे हा गुंड मनोज वाजपेयी यांनी साकारला आणि सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. म्हात्रे हे आडनाव रायगड-ठाण्याकडील. चित्रपट मुंबईचा. नट बिहारातील चंपारण भागातले. मग या भिकूच्या बोलण्यात देशावरचा ठसका आला कोठून? वाजपेयी यांनीच त्याचा उलगडा केला आहे. भिकूचे रंगीबेरंगी सदरे त्यांनी घेतले ते त्यांच्या बेतिया या गावातील एका माणसावरून. तो जितेंद्र या नटाचा भक्त होता. आणि भिकूची बोलण्याची ढब त्यांनी उचलली ती आपल्या घरी स्वयंपाक करणाऱ्या माणसाकडून. तो माणूस होता कोल्हापूरचा.

बंधुभगिनींनो, याचा थोडा विचार करा. मुंबईच्या गुंडाच्या अंगात बेतियाचा सदरा आहे आणि तोंडात कोल्हापूरची बोली आहे. पोटासाठी गाव सोडून कोणीएक मनुष्य मुंबईस गेला. परक्या घरी पोळ्या लाटताना तो आपल्या गावच्या वळणाने बोलत राहिला. ते बोलणे एका गुणी नटाने कान देऊन ऐकले, आणि साऱ्या देशाने ते डोक्यावर घेतले. त्या स्वयंपाक्याचे नाव प्रेक्षकांच्या ओठी नाही, पण त्याचा आवाज मात्र पंचवीस वर्षे उलटून गेली तरी ऐकू येतो. आपल्या लातूर-नांदेडचे कितीतरी लोक पुण्यामुंबईस स्वयंपाक करतात, मोटार हाकतात, इमारतींवर पहारा देतात. त्यांचे बोलणे हे हिणकस नव्हे, ते धन आहे, याला यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

आणि आपण त्या धनाचे काय करीत आहोत? आपली बोली साधी घडलेली नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, बाजारात दखनी, देगलूर-बिलोली-धर्माबादेकडे तेलुगूचा शेजार, उदगीर-निलंग्याकडे कानडीचा. या सर्वांच्या संगतीत आपली मराठी वाढली. नांदेडकडचा मनुष्य विचारतो, "काय करायलास?" आणि उत्तर येते, "जेवायलाव." लातूरकडे तेच "काय करू लालास?" असे होते. एका क्रियापदावरून मनुष्य कोणत्या तालुक्याचा, हे आपल्या आजीला सांगता येत असे.

आमच्याच नात्यातील एक मुलगा पुण्यास महाविद्यालयात गेला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या तोंडून "मी यायलाव" असे निघाले आणि सारा वर्ग हसला. त्या दिवसापासून त्याने वर्गात तोंड उघडणे सोडले. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याचे बोलणे पुस्तकी झाले होते. आजीशी तो परक्यासारखा बोलू लागला, आणि आजीही त्याच्याशी जपून बोलू लागली. आम्हांस वाईट वाटले ते वर्गाच्या हसण्याचे नव्हे. आम्ही वडील मंडळींनीच त्याला आधी घरात टोकले होते, "गावंढळ बोलू नकोस" म्हणून. प्रमाणभाषा मुलांना उत्तम आलीच पाहिजे. परीक्षेत आणि कचेरीत तिच्यावाचून चालणार नाही. पण एक भाषा शिकविण्यासाठी दुसरीची लाज शिकविण्याचे कारण काय?

यावर कोणी म्हणेल, बोलीचे एवढे काय घेऊन बसलात? त्याचे उत्तर त्याच चित्रपटात आहे. भिकूच्या बोलण्याला गाव आहे. पण ज्याच्या नावावर चित्रपट आहे, त्या सत्याला गावच नाही. तो मुंबईत येतो, पण कोठून आला, त्याचे आईबाप कोण, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. त्याला ओळखणारे, 'तू आमच्याकडचा दिसतोस' असे म्हणणारे त्या महानगरात कोणी नाही. दारूच्या गुत्त्यात नोकरी मिळते, तेथे अपमान होतो, न केलेल्या अपराधासाठी तुरुंग घडतो. तुरुंगातच भिकू भेटतो. सुटून आल्यावर सत्याला राहावयास खोली मिळते, ती भिकूच्या कृपेने. पुढे काय होते ते आपण जाणता. दोघेही मरतात. एक आपल्याच माणसाच्या हातून आणि दुसरा पोलिसांच्या गोळीने.

आम्ही हा चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा त्या खोलीपाशी थबकलो. परक्या शहरात एकट्या मुलाला पहिली खोली कोण देतो, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. तेथे गुंड पोहोचला, कारण दुसरे कोणी पोहोचलेच नाही.

देवगिरी आणि नंदिग्राम एक्सप्रेसने, लातूरच्या गाडीने आपली मुले मुंबईस उतरतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने घरे गेली. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा प्रत्येक आघातानंतर आपली माणसे गाव सोडून गेली. त्यांतील प्रत्येकाला फलाटावर कोणी भेटले काय? जो मुलगा आपली बोली लपवितो, त्याला गर्दीत आपला मनुष्य ओळखणार तरी कसा? बोली ही गोडी लावण्यापुरती नसते. ती परमुलखातील ओळखीची खूण असते. ती पुसली म्हणजे मुलगा सुशिक्षित होतो असे नाही. कित्येकदा तो केवळ एकटा होतो.

म्हणून आम्ही या सभेपुढे तीन गोष्टी ठेवितो. पहिली, पुणे आणि मुंबई येथे स्थायिक झालेल्या ज्या ज्ञातिबांधवांकडे एक खोली किंवा एक पथारीपुरती जागा आहे, त्यांनी आपली नावे मंडळाकडे द्यावीत. नवा मुलगा येईल तेव्हा त्याला पहिला महिना निवारा मिळावा. दुसरी, ही सोय मागताना मुलाची पोटजात आणि नातेगोते विचारू नये. 'गाव कोणते' एवढे पुरे. इतकेच नव्हे, तर आपल्या गावचा पण आपल्या ज्ञातीचा नसलेला मुलगा दारी आला, तरी त्याला परत पाठवू नये. भिकूने सत्याला खोली देताना जात विचारली नव्हती. गुंडाला जे जमले ते आपल्याला जमू नये, ही नामुष्की आपण पत्करणार काय? तिसरी, घरातील वृद्ध स्त्रियांचे बोलणे, त्यांचे शब्द, म्हणी, क्रियापदे मुलांकडून लिहवून घ्यावीत, आणि पुढील स्मरणिकेत त्यांना चार पाने द्यावीत. जाहिरातींची चार पाने कमी झाली तर चालेल.

अध्यक्षमहाराज, गुंडगिरीचे कौतुक करण्यास आम्ही उभे राहिलो नव्हतो. पडद्यावरील गुंडाचे आयुष्य अनुकरणीय नाही, हे तो चित्रपटच शेवटी सांगतो. आम्हांस त्यात सापडला तो कोल्हापूरचा एक स्वयंपाकी, आणि गाव नसलेला एक मुलगा. पहिल्याचा अभिमान धरावा आणि दुसरा आपल्या दारावरून तसाच पुढे जाऊ देऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.