धोंडा हलवावा युक्तीने

(मंदिर जीर्णोद्धारानिमित्त झालेले भाषण)



ट्रॉम्बे गावासमोर, पाण्यापलीकडे घारापुरीचे बेट आहे. तेथे पूर्वी पाषाणाचा एक भव्य हत्ती उभा होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. 1814 साली त्याची मान व मस्तक गळून पडले. पुढे 1864 साली तो विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला आणि उचलताना यारी तुटून त्याचे तुकडे झाले, अशी हकिकत सांगतात. ते तुकडे राणीच्या बागेत आणले गेले व 1914 साली जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. दगड असा जोडता येतो. दगडाखाली सापडलेला माणूस जोडता येत नाही.

जीर्णोद्धार म्हटला की जोत्यासाठी, पायऱ्यांसाठी, टेकडीवरच्या पाऊलवाटेसाठी जड दगड हलवावे लागतात. श्रमदानास तरुण मंडळी उत्साहाने येतात. परंतु दगडाला उत्साह कळत नाही. आपल्याकडील काळ्या दगडाचा एक घनफूट सुमारे 80 किलो भरतो. म्हणजे चार फूट लांब, एक फूट रुंद व सहा इंच जाड अशी साधी पायरीही 160 किलोंची होते. म्हणून पहिले काम माप घेऊन वजन काढण्याचे.

दुसरे काम दोराचे. दोराची पारख कोळी बांधवांना सांगावयास नको. झिजलेला दोर बाजूस ठेवावा. गाठ मारली की दोराचे बळ बरेच घटते, हेही ध्यानात असावे. दोन दोरांनी धोंडा उचलताना दोर उभे असतील तर भार निम्मा-निम्मा वाटला जातो. तेच दोर फाकून जमिनीशी 30 अंशांचा कोन झाला, तर प्रत्येक दोरावर धोंड्याच्या पूर्ण वजनाइतका ताण येतो. हा ताण डोळ्यांना दिसत नाही, आणि तेथेच घात होतो. धोंड्याला बांधलेल्या हलत्या कप्पीने ओढ निम्मी होते, मात्र दोर दुप्पट ओढावा लागतो. कप्पी ज्या झाडाला किंवा खडकाला बांधायची, तो आधार आधी पारखून घ्यावा.

तिसरे काम शिस्तीचे. रोम येथे 1586 साली तीनशे टनांहून जड असा पाषाणस्तंभ शेकडो माणसांनी उभा केला. शिंग वाजले की ओढायचे, घंटा झाली की थांबायचे, असा तेथे नियम होता. आपल्याकडेही इशारा देणारा एकच असावा. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार मात्र लहानथोर सर्वांना असावा. उतारावर धोंड्याच्या खालच्या अंगास कोणी उभे राहू नये. ताणलेल्या दोराच्या जवळ किंवा कप्पीशी होणाऱ्या कोनात थांबू नये. दगड थांबताच उटी लावावी. दगडाखाली बोटे न घालता पहारीने तो उचलावा आणि ठोकळा सारावा.

देणगीदारांनाही एक विनंती. चांगला दोर, चेनपुली, हातमोजे यांवरील खर्च हा देवकार्यातलाच खर्च समजावा. कळस चढेल त्या दिवशी, पहिला दगड उचलणारे सर्व हात नमस्कारासाठी धडधाकट जोडले जावेत, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना.